‘तेव्हा कुठे होता?’ हे उत्तर नव्हे

“तो बी तसाच, हा बी तसाच. कोनाकोनाले नावं ठेवता?”

पुढाऱ्याची एखादी भानगड बाहेर आली की आमच्या इंझोरीच्या पारावर, मानोऱ्याच्या चहाच्या टपरीवर, कारंज्याला जाणाऱ्या एसटीत हे वाक्य हमखास ऐकू येते. मागोमाग त्याची भावंडेही येतात. आज ओरडणारे काल कुठे होते? त्यांच्या पक्षात असा कोणी नाही काय? मोठ्या माणसाची घरची गोष्ट, आपल्याला काय करायचे? अन् ती पोरगी तरी तिथे कशाला गेली होती? आपल्या समाजाचा माणूस वर गेला म्हणून हे सगळे चालले आहे! एवढे बोलून झाले की बोलणाऱ्याला आपण फार व्यवहाराचे बोललो असे वाटते, ऐकणारे माना हलवतात, आणि गाडी सोयाबीनच्या भावाकडे वळते.

मला या शहाणपणाचा संताप येतो. हा शहाणपणा माझ्याच गावात, माझ्याच माणसांच्या तोंडी रोज ऐकू येतो म्हणून अधिकच येतो. आणि तो खोडून काढायचा तर याच तालुक्यातून खोडला पाहिजे, कारण गेल्या काही वर्षांतले त्याचे सर्वांत मोठे उदाहरण याच तालुक्याने पाहिले आहे.

7 फेब्रुवारी 2021 च्या रात्री पुण्याच्या वानवडी भागात इमारतीवरून पडून एका तरुणीचा मृत्यू झाला. ती मूळची परळीची, जेमतेम विशी ओलांडलेली, इंग्रजी बोलणे शिकायला पुण्यात आलेली. काही दिवसांतच मोबाइलवर ध्वनिफिती फिरू लागल्या आणि तेव्हाचे वनमंत्री, दिग्रसचे आमदार संजय राठोड यांचे नाव या मृत्यूशी जोडले गेले. पोलिसांकडे अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मंत्री जवळजवळ दोन आठवडे लोकांसमोर आले नाहीत. आले ते 23 फेब्रुवारीला, थेट आमच्या मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, त्यांच्या बंजारा समाजाच्या तीर्थस्थळी. दोनच दिवसांपूर्वी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कोरोना वाढतो आहे म्हणून ‘मी जबाबदार’ ही मोहीम जाहीर करून मिरवणुका, मेळावे, गर्दीचे कार्यक्रम बंद केले होते. त्यांच्याच मंत्र्यासाठी गडावर हजारो माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहिली. गर्दीबद्दल पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. राठोड यांनी सगळे आरोप फेटाळले, हे घाणेरडे राजकारण आहे, समाजाची बदनामी चालली आहे, असे सांगितले. 28 फेब्रुवारीला, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, त्यांनी मंत्रिपद सोडले. 9 ऑगस्ट 2022 ला एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी पुन्हा शपथ घेतली. पोलिसांनी त्यांना क्लीन चिट दिली आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. डिसेंबर 2024 मध्ये देवेंद्र फडणवीस यांच्या मंत्रिमंडळातही ते आले.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी स्वच्छ सांगतो. राठोड दोषी आहेत असे माझे म्हणणे नाही. तसे म्हणायला माझ्याजवळ काही आधार नाही, आणि कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेले नाही. दुसरे, त्या मुलीचे नाव मी लिहिणार नाही. तिच्या आईवडिलांनीच आमच्या मुलीची बदनामी थांबवा असे हात जोडून सांगितले होते, आणि ते सांगणे कोणीही ऐकले नाही. माझे भांडण आमच्याशी आहे, म्हणजे तुमच्याशी आणि माझ्याशी. या प्रकरणात आम्ही काय बोललो आणि काय विचारलेच नाही, त्याच्याशी आहे.

पहिला मुद्दा त्याच ‘तेव्हा कुठे होता’चा. 2021 मध्ये भाजपच्या चित्रा वाघ यांनी हे प्रकरण लावून धरले. विरोधी पक्षनेते असलेले फडणवीस गुन्हा नोंदवा म्हणत होते. दीड वर्षाने तेच फडणवीस उपमुख्यमंत्री झाले आणि राठोड त्यांच्याच मंत्रिमंडळात बसले. चित्रा वाघ यांनी हे दुर्दैवी आहे, माझा लढा चालूच राहील, असे जाहीरपणे म्हटले, पण त्यांचा पक्ष सत्तेतून उठला नाही. इकडे ज्या महाविकास आघाडीने 2021 मध्ये राठोडांना सांभाळून घेतले होते, तिच्यातले लोक 2022 मध्ये शिंदेंना जाब विचारू लागले. ज्यांनी प्रश्न विचारले ते गप्प झाले, जे गप्प होते ते प्रश्न विचारू लागले. मुलगी तीच, मंत्री तेच, पोलीस तेच. बदलल्या फक्त विधानसभेतल्या खुर्च्या.

दुटप्पीपणाचा आरोप खरा आहे. दोन्हीकडून खरा आहे. मग पुढे काय? 2021 मध्ये भाजपने विचारलेला प्रश्न भाजप 2022 मध्ये विसरला म्हणून तो प्रश्न खोटा ठरतो काय? आघाडीने उशिरा विचारला म्हणून त्याचे उत्तर द्यायची गरज उरत नाही काय? विचारणाऱ्याचे तोंड काळे असेल, पण प्रश्न त्याच्या तोंडाने तयार होत नाही. तो त्या रात्री जे घडले त्यातून तयार होतो. गुलाबी बोंडअळी आधी कोणाच्या वावरात आली यावर दोन शेजारी दसऱ्यापर्यंत भांडत बसले आणि फवारा कोणीच मारला नाही, तर कापूस कोणाचा वाचणार? आमच्या राजकीय चर्चेचे आज नेमके हेच झाले आहे. आम्ही आरोप करणाऱ्याची कुंडली काढतो, त्याच्या पक्षाची यादी वाचतो, हिशेब बरोबरीत सुटला की उठून जातो. दोन पक्षांचा हिशेब बरोबरीत सुटतो. मेलेल्या मुलीचा हिशेब कोणी मांडलेलाच नसतो.

आणि हे एकाच प्रकरणात घडले असे नाही. 2021 च्याच जानेवारीत तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांच्यावर एका महिलेने बलात्काराची तक्रार केली. मुंडे यांनी आरोप नाकारला, पण तक्रारदाराच्या बहिणीशी आपले 2003 पासून संबंध आहेत, तिच्यापासून दोन मुले आहेत, असे स्वतःच फेसबुकवर लिहिले. भाजपची महिला आघाडी रस्त्यावर उतरली. दुसऱ्या बाजूने भाजपचे आणि मनसेचेच नेते पुढे येऊन त्या महिलेविरुद्ध बोलू लागले. 22 जानेवारीला तक्रार मागे घेतली गेली. तिथेच सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. तक्रार खरी होती तर ती का मागे घेतली गेली, आणि खोटी होती तर ती का केली गेली, हे दोन्ही प्रश्न जबर आहेत. एकाचे तरी उत्तर आम्ही मागितले काय? जुलै 2023 मध्ये अजित पवारांबरोबर मुंडे भाजपच्या सोबतीने सत्तेत आले तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या महिला आघाडीचे काय झाले, एवढ्यावर आम्ही आठवडाभर बोललो. म्हणजे पुन्हा तेच: कोण कोणाला काय म्हणाले.

दुसरा मुद्दा समाजाच्या बदनामीचा. आमच्या भागात हा फार नाजूक आहे, आणि त्यामागची कळ मला समजते. 1871 च्या ब्रिटिशांच्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो शिक्का कायद्याने पुसला गेला तो 1952 मध्ये, आणि बंजारा समाजाची नोंद आजही महाराष्ट्रात विमुक्त जातींत होते. एका माणसावरचा आरोप सबंध तांड्यावर लादायची सवय पोलिसांना होती आणि गावालाही होती. या समाजाने वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री राज्याला दिला, अकरा वर्षांहून अधिक काळ. त्या समाजाचा माणूस मंत्री झाला की त्याच्यावर बोट उचलले जाताच लोक एकत्र येतात, याचे मला नवल वाटत नाही.

पण एक गोष्ट पोहरादेवीच्या त्या गर्दीत कोणी मनावर घेतली नाही. ती मुलगीही बंजारा समाजाचीच होती. खुद्द राठोड यांनीच त्या दिवशी तिचा उल्लेख समाजाची लेक म्हणून केला. मग समाजाची बाजू म्हणजे कोणाची बाजू? मंत्र्यासाठी हजारो माणसे गडावर आली. तिच्या मृत्यूचा तपास नीट व्हावा म्हणून त्याच गडावर किती माणसे आली? सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे उभे राहून समाजाचा मान मागायचा असेल तर तो मंत्र्याला एक आणि परळीच्या मुलीला दुसरा, असा वाटून मागता येत नाही. आणि हे बंजारा समाजापुरते मी म्हणत नाही. मराठा पुढारी असो, कुणबी, माळी, बौद्ध, मुसलमान असो, प्रत्येकाच्या पाठीशी उभी राहणारी गर्दी आम्ही पाहिली आहे. जात पुढाऱ्याची ढाल होते, त्याच जातीतल्या बाईची मात्र कधीच होत नाही. तिच्या वाट्याला त्याच जातीतले टोमणे येतात.

त्या टोमण्यांविषयी आता बोलतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. “तिले काय गरज होती पुन्याले जायाची?” “अशा पोरीच तशा असतात.” “व्हिडिओ टाकत होती म्हने.” हे मी पुरुषांकडून ऐकले आणि बायकांकडूनही ऐकले. शिकलेल्यांकडून, बिनशिकलेल्यांकडूनही. मृत्यूचे कारण शोधणे पोलिसांचे काम होते. आम्ही तिच्या चारित्र्याचा शोध लावून मोकळे झालो. तिचे फोटो, तिच्या नावाच्या ध्वनिफिती गावागावातल्या ग्रुपवर फिरल्या. शेतातून आलेला माणूस हात धुवायच्या आधी त्या ऐकत होता. ज्या आईवडिलांची मुलगी गेली, त्यांनी हे ऐकले नसेल काय?

आणि याची किंमत कोणी मोजली? मंत्र्याला पद परत मिळाले. पक्षांना सत्ता मिळाली. वाहिन्यांना पंधरा दिवसांची चर्चा मिळाली. किंमत मोजली ती आमच्या भागातल्या त्या मुलींनी, ज्या तेव्हा बारावीला होत्या, ज्यांना पुण्याला किंवा अमरावतीला जाऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करायची होती, नर्सिंग करायचे होते. बापाने कोरडवाहू पाच एकरांवर कर्ज काढून लेकीला बाहेर पाठवायची तयारी केलेली असते. शेजारी एवढेच म्हणतो, “पाह्यलं ना त्या पोरीचं काय झालं?” आणि बॅग परत खुंटीला लागते. तपास नीट झाला असता, उत्तरे उघड मिळाली असती, तर त्या बापाला शेजाऱ्याला सांगायला काही राहिले असते. आम्ही तपासाचा आग्रह धरला नाही, मुलीलाच दोष दिला, त्यामुळे गावात शिल्लक राहिली ती नुसती भीती. ती भीती आमच्या लेकींच्या पायात आम्हीच अडकवली.

खासगी गोष्ट आहे, या म्हणण्यात मात्र काही ठिकाणी तथ्य असते, आणि तिथे मी विरुद्ध बाजूच्या गर्दीवरही रागावतो. जुलै 2023 मध्ये भाजपचे नेते किरीट सोमय्या यांची म्हणून एक चित्रफीत एका मराठी वाहिनीने दाखवली. सोमय्यांनी आपण कोणत्याही महिलेवर अत्याचार केलेला नाही असे सांगून स्वतःच चौकशी मागितली. विधान परिषदेत पेन ड्राइव्ह दिला गेला. राज्यभर हशा झाला, आणि बघा, दुसऱ्यांचे घोटाळे काढणारा स्वतः कसा आहे, म्हणून टाळ्या पडल्या. माझा प्रश्न साधा आहे. सोमय्यांनी काढलेले घोटाळ्यांचे कागद खरे की खोटे हे कशावरून ठरणार? कागदांवरून, की त्या चित्रफितीवरून? कोणी महिला बळजबरीची तक्रार करत असेल तर तिचे ऐकलेच पाहिजे, त्या क्षणी, पक्ष न पाहता. तशी तक्रार नसेल तर दोन सज्ञान माणसांच्या खोलीत डोकवायचा अधिकार पारावरच्या गर्दीला नाही आणि वाहिनीलाही नाही. ज्यांच्यावर सोमय्यांनी आरोप केले होते त्यांना तो दिवस सणासारखा वाटला. पण त्यांच्यावरचा एकही आरोप त्या दिवशी खोटा ठरला नाही, आणि खराही ठरला नाही.

खासगी आणि सार्वजनिक यांची रेघ अवघड आहे असे म्हणतात. ती तितकी अवघड नाही. पदाचा जोर वापरला गेला काय? कोणाला धमकी, आमिष, नोकरीची भीती दाखवली गेली काय? कोणी जिवाला मुकले काय? पोलीस ठाण्याला वरून फोन गेला काय? यातले काहीही असेल तर ती गोष्ट खासगी राहिली नाही. अमेरिकेत 1998 मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर महाभियोग आला तो शपथेवर खोटे बोलणे आणि न्यायात अडथळा आणणे या आरोपांवर. ब्रिटनचे मंत्री जॉन प्रोफ्युमो 1963 मध्ये गेले तेही संसदेत खोटे बोलल्याचे कबूल करून. तिकडची माणसे आमच्यापेक्षा नीतिमान आहेत असे मला म्हणायचे नाही. तिथेही त्या प्रकरणांतल्या बायकांची विटंबना झालीच. पण प्रश्न कोणता विचारायचा, हे तिथल्या संस्थांना निदान ठरवता आले.

इतके लांब जायची गरज नाही. शेजारच्या कर्नाटकात 2024 च्या निवडणुकीत हासनचे खासदार प्रज्वल रेवण्णा यांच्या चित्रफिती पेन ड्राइव्हमधून गावभर वाटल्या गेल्या. वाटणाऱ्यांनी त्यातल्या बायकांचे चेहरे झाकायचीही तसदी घेतली नाही. ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांची अब्रू दुसऱ्यांदा चव्हाट्यावर टाकली गेली. तिथेही पारावरची चर्चा हीच होती: हे आताच कसे बाहेर आले, मतदानाच्या तोंडावरच का, यामागे कोण? पण खटला उभा राहिला तो या चर्चेवर नाही. घरकाम करणारी एक बाई ठाम राहिली, तपास पथकाने न्यायवैद्यक पुरावा जमवला, आणि ऑगस्ट 2025 मध्ये बंगळूरच्या विशेष न्यायालयाने माजी पंतप्रधानांच्या त्या नातवाला जन्मठेप दिली. चित्रफिती कोणी फोडल्या, कोणाच्या फायद्यासाठी फोडल्या, याचे उत्तर काहीही असो, त्या बाईवर अत्याचार झाला होता ही गोष्ट त्याने बदलली नाही. ‘आताच का?’ विचारणाऱ्यांचे ऐकले असते तर ती बाई आजही कोणाच्या तरी घरची भांडी घासत गप्प बसली असती.

उरला शेवटचा मुद्दा, आणि आज तो सर्वांत जोरात मांडला जातो: “क्लीन चिट भेटली ना, मग आता काय?” ज्याच्यावर आरोप सिद्ध झाला नाही त्याला गुन्हेगार म्हणू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण तुरुंगात न जाणे हा नागरिकाचा हक्क आहे. मंत्रिपद हा कोणाचाच हक्क नाही. ते आम्ही दिलेले असते, आणि ते देताना शंका निरसून घ्यायचा हक्क आमचा आहे. शिवाय क्लीन चिट म्हणजे नेमके काय? 2021 मध्ये आईवडिलांची तक्रार नाही, मग गुन्हा कशाचा, असे वारंवार सांगितले गेले. दखलपात्र गुन्ह्याला घरच्यांची तक्रार लागतेच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 च्या ललिताकुमारी निकालात सांगून ठेवले आहे की मिळालेल्या माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर पोलिसांना तो नोंदवावाच लागतो, आणि शंका असेल तर मर्यादित प्राथमिक चौकशी करता येते. या मृत्यूत तसा गुन्हा दिसत होता की नव्हता, यावर दोन मते असू शकतात. कायदा जाणणाऱ्यांनी ती मांडायला हवी होती. आम्ही मात्र, समोर हा प्रश्न असताना, चित्रा वाघ पूर्वी कोणत्या पक्षात होत्या यावर रात्री जागवल्या.

मला राठोडांच्या बाजूनेही हेच म्हणायचे आहे. एखादा माणूस निर्दोष असेल तर त्याला पोहरादेवीची गर्दी निर्दोष करू शकत नाही. ते काम फक्त उघड आणि पुरा तपास करू शकतो. गर्दीने मिळवलेली सुटका आयुष्यभर कुजबुज होऊन मागे लागते. त्यांच्या पाठीराख्यांनी त्या दिवशी जयघोषाऐवजी तपासाची मागणी केली असती, तर त्यांच्या नेत्याचे भले झाले असते आणि मुलीचेही.

म्हणून पारावर बसणाऱ्या माझ्या भावांनो, बायांनो, पुढच्या वेळी कोणाचाही पुढारी असू द्या, भगव्याचा, घड्याळाचा, पंजाचा, कमळाचा, विरुद्ध पक्षाचे पाप मोजायच्या आधी तुमच्या माणसाला विचारा. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते, सगळ्या पक्षांचे नेते दर्शनाला येतात, तेव्हा विचारा. प्रचाराला गाड्या इंझोरीत थांबतात, तेव्हा विचारा. परळीच्या त्या मुलीच्या मृत्यूचा तपास कोणत्या अधिकाऱ्याने केला? तो चालू असताना वरून कोणाचा शब्द गेला होता काय? ध्वनिफितींची तपासणी प्रयोगशाळेत झाली काय, आणि आवाज कोणाचा निघाला? क्लीन चिट ज्या अहवालावर दिली, तो अहवाल मानोरा तालुक्यातल्या मतदाराला वाचायला मिळेल काय, आणि कोणत्या तारखेला?